ब्लॉकखालचं काम

रियाधमध्ये फुटपाथचं काम बघायचं असेल तर उन्हाळ्यात रात्रीच बाहेर पडावं. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12 ते 3 उघड्या उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. उरलेला दिवसही फरसबंदीला फारसा सोयीचा नसतो. दिवसभर ऊन खाल्लेला ब्लॉक संध्याकाळी हातमोज्यातूनही चटका देतो, आणि अंथरलेली वाळू बघता बघता कोरडी पडते. म्हणून मगरिबची अजान झाली की फ्लडलाइट लागतात, फोर्कलिफ्ट ब्लॉकचे पॅलेट उतरवू लागते आणि पहाटेपर्यंत काम चालतं.

आमच्या साइटवरचे मुकादम रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. हाताखाली बिहार, नेपाळ आणि बांगलादेशातले कारागीर. चाचा त्यांच्याशी हिंदीत, ट्रकवाल्याशी अरबीत आणि माझ्याशी कोकणातल्या मराठीत बोलतात. बसवण्याचं काम त्यांचं, तपासण्याचं माझं.

या कामाच्या कागदपत्रांत एक अट अशी आहे की पहिल्यांदा वाचणारा थबकतो. ब्लॉक अमेरिकी मानकाप्रमाणे, म्हणजे एएसटीएम सी 936 प्रमाणे हवा. त्यात तीन गोष्टी येतात: सरासरी दाबशक्ती किमान 55 मेगापास्कल, पाणी शोषण सरासरी 5 टक्क्यांच्या आत, आणि गोठण्या-वितळण्याला टिकण्याची क्षमता. जुलैत पारा रोज 43 अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात गोठण्याची काळजी कोणी करायची? जानेवारीच्या पहाटे थंडी बोचते, एखाद्या वर्षी पारा शून्यापर्यंतही उतरतो. पण त्याने जमीन गोठत नाही.

कॅनडात किंवा आपल्याकडे लेहला हे प्रकरण निराळं असतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं. ब्लॉकच्या छिद्रांत ते भरलेलं असेल तर आतून ताण देतं आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. त्याहून मोठं नुकसान खाली होतं. बारीक मातीत गोठणारा थर खालचं पाणी वर ओढत राहतो, मातीत बर्फाच्या चकत्या तयार होतात आणि जमीन फुगून ब्लॉक उचलले जातात. वसंतात बर्फ वितळला की तीच जमीन चिखल होऊन खचते. म्हणून थंड प्रदेशात पायाचा थर जाड घेतात आणि तो पाणी न धरणाऱ्या स्वच्छ खडीचा करतात.

रियाधमध्ये बर्फाची ती जागा क्षार घेतात. इथे पाऊस वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर, पण जमिनीत पाणी पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं माणसाने सोडलेलं आहे: गळक्या वाहिन्यांचं, बागांना दिलेलं, सांडपाणी शुद्ध करून झाडांना सोडलेलं. 2019 मध्ये जाहीर झालेल्या ‘ग्रीन रियाध’ योजनेत शहरात 75 लाख झाडं लावायची आहेत. प्रत्येक झाडाला ठिबकची नळी लागणार, आणि प्रत्येक अळ्याभोवती ब्लॉक असणार. या पाण्यात क्षार असतात. ते बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. ब्लॉकवर पांढरा लोणा दिसतो तो वरवरचा, ब्रशने निघतो. घातक असतो तो आत साठलेला. क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढतात तेव्हा बर्फासारखाच आतून दाब देतात. अळ्याच्या काठचे ब्लॉक बोटाने घासले की कडेची पूड हातात येते, चार पावलांवरचे त्याच लॉटमधले ब्लॉक मात्र खणखणीत असतात. थंडीसाठी घातलेली पाच टक्क्यांची अट म्हणूनच इथेही मोलाची आहे. ज्या ब्लॉकमध्ये पाणी शिरत नाही, त्यात क्षारही शिरत नाहीत.

तरी पंचावन्न मेगापास्कलचा ब्लॉक खराब पायावर बसवला तर सगळं फुकट जातं. ही गोष्ट मला मुद्दाम ठासून सांगायची आहे, कारण पैसे देणारा माणूस नमुन्याचा ब्लॉक हातात घेतो, रंग निवडतो, आणि खालच्या थरांकडे ढुंकूनही बघत नाही.

खालून सुरुवात होते ती मूळ जमिनीपासून. रियाध चुनखडीच्या पठारावर वसलंय, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर. खोदताना कुठे सलग कातळ लागतो, तर कुठे जुना भराव. कातळ आणि भराव जिथे भेटतात तिथे फुटपाथ हमखास वाकडा होतो, कारण एक बाजू हलत नाही आणि दुसरी बसते. तो सांधा सापडला की भराव आणखी खोल काढून पुन्हा भरावा लागतो. त्यावर खडीमिश्रित थर, एका वेळी साधारण 15 सेंटीमीटर, पाणी मारून आणि रोलर फिरवून. दबाई नीट झाली की नाही हे पायाने ठोकून कळत नाही. थरात छोटा खड्डा घेतात, निघालेला माल तोलतात, खड्ड्यात ठरावीक घनतेची वाळू ओतून त्याचं आकारमान काढतात. प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 95 टक्के तरी यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये घालून दिलेली कमाल घनतेची ही मोजणी आजही याच कामाला येते.

मग वाळू. चहूबाजूंनी वाळवंट असूनही ब्लॉकखालची वाळू विकत आणावी लागते. वाऱ्याने वर्षानुवर्षं लोळवलेले वाळवंटाचे कण गोल आणि फार बारीक असतात. ते एकमेकांत अडकत नाहीत, भाराखाली सरकतात. लागते ती दगड फोडून केलेली, धुतलेली, कोनेदार वाळू. तिच्यात चुनखडीची भुकटी राहिली असेल तर ती पाणी धरून ठेवते. चाचा प्रत्येक ट्रकमधली वाळू ओंजळीत घेऊन पाण्याच्या बाटलीत टाकतात, हलवतात आणि खाली ठेवतात. पाणी बराच वेळ गढूळ राहिलं तर ट्रक परत. प्रयोगशाळेचा चाळणी-अहवाल नंतर येतो. त्यांच्या बाटलीचा निकाल आणि तो अहवाल मला तरी वेगळे निघालेले आठवत नाहीत.

वाळूचा थर तीन सेंटीमीटरच्या आसपास. दोन पाइप समांतर टाकतात, त्यांवरून अॅल्युमिनियमची फळी ओढतात, पाइप काढून त्यांच्या खाचा भरतात. या थरावर मग कोणी पाय ठेवायचा नाही. खालचा खडीचा थर उंचसखल असेल तर तो वाळूने भरून काढण्याचा मोह होतो, आणि अनेक फुटपाथ तिथेच बिघडतात: जिथे वाळू जाड, तिथे पुढे खड्डा पडतो. वाळूचा ओलावाही सांभाळावा लागतो. मुठीत दाबली तर गोळा व्हावी, पण हात ओला होऊ नये. कोरड्या हवेत हा ओलावा फार टिकत नाही, म्हणून चाचा लागेल तेवढीच वाळू ओढून घेतात. कोणी पुढचा पट्टा आधीच ओढून ठेवला तर त्यांचा आवाज चढतो. “सुकली ती, परत ओढा. वर मशीन फिरली की कळंल कुठं पोकळ आहे ते!”

बसवणारे कारागीर आधी बसवलेल्या ब्लॉकवर उकिडवे बसून पुढे सरकतात. दोरी आणि गुण्या लावून पहिली रांग पक्की करायची, मग हात वेगाने चालतो. तीन पॅलेटमधून आळीपाळीने ब्लॉक घेतात, म्हणजे रंगातला फरक एका जागी गोळा होत नाही. दोन ब्लॉकमध्ये दोन ते चार मिलिमीटर सांधा सोडतात. नवखा माणूस ब्लॉकला ब्लॉक घट्ट भिडवतो आणि काम छान दिसतं असं त्याला वाटतं. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांश वाढतं. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पृष्ठभागाच्या तापमानात 60 अंशांचा फरक धरला तर दहा मीटरच्या पट्ट्यात 6 मिलिमीटर होतात. ही वाढ सांध्यांनी पोटात घ्यायची असते. सांधे नसतील तर कोपरे उडतात किंवा कडेचा कर्बस्टोन बाहेर ढकलला जातो.

ब्लॉक हवे त्या पातळीपेक्षा थोडे वरच ठेवतात, कारण प्लेट कॉम्पॅक्टर त्यांना खाली बसवतो. मोकळ्या कडेपासून मीटरभर मशीन न्यायची नाही. पहिला फेरा कोरडाच. त्यात खालची वाळू थोडी सांध्यांत चढते. मग वरून बारीक सुकी वाळू झाडायची, पुन्हा मशीन, पुन्हा वाळू, सांधे भरेपर्यंत. सांधे भरले की चाकाचा भार एका ब्लॉकवरून शेजारच्यांवर जातो. माणसं चालतात तिथे 60 मिलिमीटर जाडी पुरते, गाड्यांसाठी 80 लागते आणि मांडणी आडवी-उभी गुंफलेली हवी. मुंबईत रस्त्यांवर बसवलेले ब्लॉक पावसाळ्यात निखळताना आपण पाहिलेत. भरलेले सांधे, पक्की कड आणि पाण्याला वाट, यांतलं काहीतरी तिथे राहिलेलं असतं. तसं ब्लॉकसाठी आपलं भारतीय मानक, आयएस 15658, 2006 पासून आहे. ब्लॉक कसा असावा हे त्यात नीट लिहिलंय.

रियाधचा पाऊस कमी, पण येतो तो तासा-दोन तासांत धो धो. म्हणून मीटरला दोन सेंटीमीटर ढाळ इथेही ठेवतात, आणि तो झाडाच्या अळ्यापासून दूर जाणारा. अळ्याच्या आतल्या बाजूने काँक्रीटची कड खोल उतरवली तर ठिबकचं पाणी ब्लॉकखाली घुसत नाही. ही कड नकाशात नेहमी असते. खर्च कापायचा झाला की सर्वांत आधी तिच्यावर काट पडते, आणि मला वाटतं या शहरातल्या फुटपाथांचं आयुष्य त्या एका काटेने सर्वांत जास्त घटतं.

ब्लॉकचा मोठा गुण असा की ते उचलता येतात. फायबरची केबल टाकायची असो की पाण्याची नळी, ब्लॉक काढून रचून ठेवायचे, चर खोदायचा, काम झालं की तेच ब्लॉक परत. पण सहा महिन्यांनी त्या चरावर लांबट खाच पडलेली दिसते, कारण चर एकाच दमात भरून वरवर दाबलेला असतो. चाचा अशा चरात पंधरा-पंधरा सेंटीमीटरचे थर भरून घेतात आणि प्रत्येक थरावर धुम्मस चालवतात. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, तपासनीस येवो न येवो, मी त्या प्रत्येक थराच्या घनतेची चाचणी मागतो. केबलवाल्यांना घाई असते, त्यामुळे रोज कटकट होते. चाचणीचा आकडा येईपर्यंत ब्लॉक मात्र बाजूलाच रचलेले राहतात.