मोटार नवी करावी की जुनी राखावी?

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला समोरच दिसतो. ओहोटीच्या वेळी चालत किल्ल्यात गेलेल्यांनी उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा पाहिल्या असतील. यॉर्कशायरमधल्या लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव त्यांच्यावर कोरलेले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या तोफा खारा वारा खात आजही उभ्या आहेत.

याच किनाऱ्यावरच्या एका वाडीत, नारळी-पोफळींच्या सावलीतल्या पडवीत, मागच्या पावसाळ्यात मी एक मोटार पाहिली. १९२०च्या दशकाच्या अखेरीची, इंग्लिश बनावटीची, एके काळी श्रीमंती थाटाची. तोफांच्या निम्म्याच वयाची. पण तिच्या मडगार्डांत बोट आरपार जात होते. घरच्या मंडळींना ती पुन्हा 'होती तशी' करायची होती. मी पदार्थविज्ञानातला माणूस, म्हणून त्यांनी सल्ल्यासाठी बोलावले. 'होती तशी' म्हणजे नेमकी कशी, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात आला नव्हता. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्याही नाही.

पाऊस न लागता गंज का चढतो?

मोटार पडवीत होती, तिच्यावर थेंबही पडत नव्हता. मग ती गंजली कशी? फुटणाऱ्या लाटांमधून उडालेले खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. पाणी सुकते, मीठ पत्र्यावर राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. कोकणातल्या हवेत पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर जवळजवळ बारमाही असतो, असेच म्हणायला हवे.

हा थर म्हणजे विजेच्या घटातले द्रावण. पत्र्याच्या एका भागात लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात. दुसऱ्या भागात हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. दोन्हींच्या संयोगातून गंज तयार होतो. क्लोराइड या व्यवहारात खर्च होत नाही. ते तिथेच राहून पुढच्या अणूंची वाट मोकळी करते. म्हणून वरचा गंज घासून रंग लावला, तरी खालच्या खड्ड्यांत उरलेले मीठ रंगाखाली आपले काम चालूच ठेवते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, त्यामुळे तो सांध्यांत फुगून पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो.

आता तोफेचे कोडे सुटते. तिचे लोखंड कित्येक सेंटिमीटर जाड, मडगार्डाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर. तोफेचा एक मिलिमीटर गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मडगार्डाचा एक मिलिमीटर गेला, तर मडगार्डच गेले!

एक मोटार, अनेक कारागीर

त्या काळच्या उंची मोटारी आजच्यासारख्या एकाच कारखान्यात पूर्ण होत नसत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईस कंपनी इंजिनासह सांगाडाच विकत असे. वरचा साज बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली यांसारखे, मुळात घोडागाड्या बांधणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या पसंतीने चढवीत. ॲश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाची चौकट आणि तिच्यावर हाताने ठोकून आकार दिलेले पत्रे, बहुधा ॲल्युमिनियमचे, ही त्यांची सर्वसाधारण रीत.

आमच्या मोटारीचा साजही असाच होता. दरवाजांच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू बसवलेले होते आणि त्यांच्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांचा घट बनतो आणि अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. इथे बळी ॲल्युमिनियमचा होता.

रंगांचे थर वाचताना

मिस्त्रींचे म्हणणे सरळ होते : "सगळा रंग उतरवू, नवी लांबी भरू, वर चकचकीत रंग मारू. आरशासारखी दिसेल." ती दिसलीही असती. पण त्याआधी दरवाजाच्या आतल्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, आम्ही बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासला. कापलेल्या ओंडक्यावर दिसतात तशी वर्तुळे उमटली. सर्वांत बाहेर सायीचा रंग, त्याच्या आत करडा, मग गर्द हिरवा, त्याखाली अस्तर आणि मधोमध उघडा धातू.

आता यातला मूळचा कोणता? खालचा हिरवा, हे उघड आहे. पण तो कशाचा होता? जुना तेलाचा व्हार्निश-रंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो. त्याचे रेणू एकमेकांना जखडले जातात. असा रंग थिनरने फुगतो, सुरकुततो, पण विरघळत नाही. १९२०च्या दशकात ड्यू पाँट कंपनीच्या 'ड्यूको'सारखे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले. ते केवळ द्रावक उडून गेल्याने सुकतात, म्हणून थिनर लावला की पुन्हा विरघळतात. जुन्या पद्धतीत मोटार रंगवून वाळायला आठवडे लागत. नव्या रंगाने हे काम काही दिवसांवर आणले.

कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन फिरवला, तेव्हा हिरवा रंग बोळ्यावर उतरला. सायीचा रंग मात्र नुसता सुरकुतला आणि त्यात कुंचल्याच्या रेघाही दिसत होत्या. म्हणजे हिरवा फवाऱ्याने मारलेला सेल्युलोजचा रंग. सायीचा मागाहून कोणीतरी हाताने दिलेला. दोन बोळ्यांनी अर्धा इतिहास सांगितला.

उरलेला अर्धा नव्वदीतल्या आजींनी सांगितला. त्यांची वरात याच मोटारीतून निघाली होती, आणि तेव्हा ती सायीच्या रंगाची होती. "हिरवी मी कधी पाहिलीच नाही," त्या म्हणाल्या.

जे परत आणता येत नाही

दिव्यांच्या बाबतीत आम्हाला उशीर झाला होता. त्यांच्यावर निकेलचा मुलामा होता. क्रोमियमचा मुलामा १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींवर आला आणि लवकरच त्याने निकेलला मागे टाकले. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमियमची निळसर, थंड. मला बोलावण्यापूर्वीच दिवे मुलाम्यासाठी पाठवले गेले होते. ते क्रोमियमने लखलखत परत आले. पण मुलाम्याआधी केलेल्या घासाईत कडा गोल झाल्या होत्या आणि पितळेवर कोरलेले दिवे बनवणाऱ्याचे नाव पुसले गेले होते. क्रोमियम उतरवून पुन्हा निकेल चढवता येईल, पण नाव कुठून आणणार?

या प्रसंगाने मला धडा दिला. नव्याने करता येते ते मागाहूनही करता येईल. पण एकदा पुसले ते कायमचे गेले. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा भरही यावरच आहे. शक्य तेवढे जपावे, कमीत कमी बदलावे आणि जे बदलले त्याची नोंद ठेवावी. आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांतही मोटार मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, साज व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे.

शेवटी काय केले?

आधी मीठ काढले. पत्रे गोड्या पाण्याने वारंवार धुतले आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने. त्या शेवटच्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात विरल नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पांढरा गढूळपणा आला, तर क्लोराइड अजून आहे. तो येईनासा होईपर्यंत धुणे चालू ठेवले. पाटे-स्प्रिंगा आम्लात बुडवू दिल्या नाहीत, कारण आम्लातून सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू दिला नाही, कारण त्यात ते विरघळते. कुजलेल्या मडगार्डांना तेवढ्यापुरता नवा पत्रा जोडला आणि आतल्या बाजूला त्यावर तारीख कोरली.

रंग? सायीचा ठेवला. तो पत्र्याला घट्ट धरून होता, आणि तोही या मोटारीच्या आयुष्याचाच भाग होता. दरवाजाच्या कडेवरची ती वर्तुळे तशीच राखून त्यांवर पारदर्शक लेप दिला. हिरवा रंग त्याखाली सुरक्षित आहे. उद्या कोणाला तो हवा असेल तर त्याची वाट आम्ही बंद केलेली नाही. एखाद्या रॅलीतले परीक्षक कदाचित गुण कापतील. आजींनी मात्र दरवाजावरून हात फिरवला आणि काही बोलल्या नाहीत.

वर्गात करून पाहा

तीन नवे खिळे घ्या. तेलाचा अंश जाण्यासाठी ते साबणाने धुऊन पुसा. एक ऊर्ध्वपातित पाण्यात आणि दोन समुद्राच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून पूर्ण सुकवा. साध्या पाण्यातला एक आणि मिठाच्या पाण्यातला एक असे दोन खिळे पावसाळ्यात वर्गातच उघड्यावर, पण पाणी लागणार नाही असे ठेवा. उरलेला मिठाचा खिळा सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आठवडाभर रोज नोंद करा. मीठ दोन खिळ्यांवर आहे, पण गंज दोहोंवर सारखा चढतो का? आणि मग विद्यार्थ्यांना विचारा : आजींची मोटार पुढच्या पावसाळ्यात कुठे आणि कशी ठेवावी?