लिहिणारी आणि ठरवणारी
(सायवन येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी दिलेला विषय असा आहे: प्रसारमाध्यमं आणि प्रकाशन व्यवसायातलं कृष्णवर्णीय स्त्रियांचं नेतृत्व. सायवनला बसून अमेरिकेतल्या बायकांविषयी काय ऐकायचं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते स्वाभाविक आहे. म्हणून आपण सुरुवात तुमच्या घरातल्या भिंतीपासून करू.

वारली लग्नात चौक कोण लिहितं? सवाशिणी. आणि लग्न लावते धवलेरी. तिच्या गाण्यांशिवाय लग्न पुरं होत नाही. चौकात काय यायचं, काय नाही, हे या बायका ठरवत. आता १९७०च्या दशकाकडे या. हस्तकला मंडळातर्फे भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी बायकांना कागद दिले, आणि भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. पुढे जगभर नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. त्यांचा मोठेपणा कमी करण्याचा आमचा हेतू नाही, तो माणूस खरोखर मोठा कलावंत होता. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भिंत होती तोवर अधिकार बाईकडे होता. कागद आला, कागदाबरोबर सही आली, बाजार आला, आणि काही वर्षांतच बहुतेक सह्या पुरुषांच्या दिसू लागल्या. कुणी कट केला म्हणून हे झालं नाही. माध्यम बदललं की ‘ठरवणारं कोण’ हा प्रश्न नव्यानं उभा राहतो, आणि त्या वेळी जो बाहेरच्या जगाशी बोलायला पुढे असतो त्याच्या हाती तो अधिकार जातो.

आजच्या बोलण्यात आम्हाला हा एकच भेद नीट मांडायचा आहे. छापून येणं वेगळं, आणि काय छापायचं हे ठरवणं वेगळं.

मुक्ता साळवे घ्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’त छापला गेला. केवढं धाडस! पण ‘ज्ञानोदय’ मिशनऱ्यांचा होता. तिचं म्हणणं लोकांपुढे आलं ते त्यांनी जागा दिली म्हणून. पुढचा निबंध मागायचा की नाही, हे तिच्या हातात नव्हतं.

तानूबाई बिर्जे यांची गोष्ट निराळी. सत्यशोधक घरातली ही बाई. ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत वाढवला, लोखंड्यांनंतर तो वासुदेवराव बिर्जे यांनी चालवला. वासुदेवराव गेले तेव्हा पत्र बंद पडणार असंच कुणालाही वाटलं असतं. तानूबाईंनी ते हाती घेतलं आणि १९१२ पर्यंत चालवलं. अग्रलेख कशावर, कुणाचं पत्र घ्यायचं, पैसे कुठून आणायचे, सगळं त्यांच्याकडे. वृत्तपत्रांच्या इतिहासात मात्र त्यांना दोन ओळी मिळतात. कधी तेवढ्याही नाही.

दलित स्त्रियांना ती खुर्ची मिळायला आणखी फार वर्षं लागली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी आपलं लेखन घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. मॅक्सीन बर्नसन यांनी आग्रह धरला, मग ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. पुन्हा तेच बघा: दार उघडणारं दुसरं कुणीतरी, भलं असलं तरी दुसरं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ आणलं तेव्हा फरक पडला. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना त्या स्वतः जाऊन भेटल्या. प्रश्न त्यांनी काढले, उत्तरं त्यांनी निवडली. तोवर ‘बायका मोर्च्यात होत्या का?’ असं विचारलं जाई. या दोघींनी विचारलं, ‘मोर्च्याच्या आदल्या दिवशी घरात काय झालं?’ अशा धर्तीचं. असा प्रश्न सुचायलाच तो माणूस संपादकाच्या जागी असावा लागतो.

आता अमेरिकेकडे जाऊ. टोनी मॉरिसन आपल्याला नोबेल मिळालेली कादंबरीकार म्हणून ठाऊक. पण १९८३ पर्यंत त्या रँडम हाऊस या बलाढ्य प्रकाशनात संपादक होत्या. अँजेला डेव्हिस यांचं आत्मचरित्र, टोनी केड बाम्बारा, गेल जोन्स यांची पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली. त्या तिथून गेल्या आणि त्या प्रकाशनात कृष्णवर्णीय लेखकांची संख्या झपाट्यानं घसरली. म्हणजे संस्था बदलली नव्हती, तिच्यात एक बाई बसली होती, एवढंच. हे ओळखून बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आदी स्त्रियांनी १९८० मध्ये स्वतःचंच प्रकाशन काढलं. नाव काय दिलं, तर ‘किचन टेबल’. स्वयंपाकघरातलं टेबल! लंडनमध्ये त्याआधी, १९६७ साली, घानात जन्मलेल्या मार्गारेट बझ्बी यांनी भागीदारीत प्रकाशनसंस्था उभी केली होती. दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं की आपली खुर्ची करायची, असा हा वाद आहे. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. पैशाची ओढाताण त्यात जास्त, हे मान्य करूनही.

आपल्या देशात याचं जिवंत उदाहरण ‘खबर लहरिया’. २००२ मध्ये उत्तर प्रदेशात चित्रकूटला सुरू झालं. दलित, आदिवासी, मुसलमान बायका बातम्या आणत, लिहीत, अंक विकतही त्याच. आणि भाषा बुंदेली. लोक म्हणत, बुंदेलीत कुठं बातमी असते होय? त्यांनी असते हे दाखवलं. आता ते मोबाइलवर चालतं.

इथं वारलीचं काय, हे तुम्ही विचारणारच. वारली देवनागरीत लिहिता येते, पण कुठला शब्द कसा लिहायचा यावर अजून एकमत नाही. मोबाइल तर प्रत्येक पाड्यात आलाय. कागदाच्या वेळी जे झालं तेच आता पुन्हा घडायच्या बेतात आहे, फक्त वेगानं. तेव्हा इथल्या शाळा-कॉलेजातल्या मुलींना आमचं एक सुचवणं आहे. व्हिडिओत दिसणारी एक असते, आणि कुठला भाग कापायचा ते ठरवणारं दुसरं कुणी असतं. ते दुसरं काम शिकून घ्या. अंक काढायचा झाला तर शब्दांचं लेखन ठरवायला धवलेरींना बोलवा, त्यांच्याइतके शब्द कुणाकडे आहेत?

आम्ही इथं थांबतो. प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला आहे, आधी मागच्या रांगेतल्या बायकांचे घेऊ.