शब्द एक, लांब्या तीन!

विम एडिटरमध्ये ओळी निवडून '!' आणि स्क्रिप्टचं नाव दिलं, की त्यांच्या जागी स्क्रिप्टचं आउटपुट येतं. लांब ओळी तोडणारी अशीच एक पर्ल स्क्रिप्ट मी पायथॉन ३ मध्ये आणली. सिंटॅक्स बदलणं सोपं. खरी गंमत लांबी मोजण्यात! यूटीएफ-८ मधला 'मराठी' शब्द पर्लला, वेगळं सांगितलं नाही तर, १५ बाइट वाटतो. पायथॉन ३ ला ५ कोडपॉइंट. आपल्याला मात्र म, रा, ठी ही ३ अक्षरं. बाइट मोजून तोडलं तर अक्षर फुटतं. कोडपॉइंट मोजून तोडलं तर काना-वेलांटी पोरकी होते. म्हणून नव्या स्क्रिप्टमध्ये ओळ फक्त स्पेसवरच तुटते. तेव्हा पोर्ट करण्याआधी बघा, जुनी स्क्रिप्ट नेमकं मोजते काय?