गल, वारा आणि काटा

7 ऑगस्ट 2021. त्या शनिवारी संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सगळंच झाकून टाकलं, पण सकाळी आमच्या घरी टीव्हीसमोर वेगळीच शाळा भरली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जवळ खेळत होती आणि गोल्फचा 'ग' ठाऊक नसलेली माणसं एकमेकांना बर्डी आणि बोगी समजावून सांगत होती. एका फटक्याने तिचं पदक हुकलं, ती चौथी आली. त्याच दुपारी मी फोनवर 'गोल्फ क्लॅश' उतरवून घेतला. खऱ्या गोल्फच्या मैदानावर मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही. चेंबूरच्या क्लबचं कुंपण तेवढं बाहेरून पाहिलंय.

माझ्या लेखी तो गोट्यांचाच खेळ होता. लांबवर एक गल, हातात गोटी, धरा नेम. पहिल्या आठवड्यात रोज हरलो. नेम बरोबर असायचा, चेंडू मात्र शेवटच्या क्षणी बाजूच्या वाळूत जाऊन बसायचा. समोरचा अनोळखी खेळाडू हसरा चेहरा पाठवायचा. हा गेम रडीचा डाव खेळतो, असं माझं ठाम मत झालं. हा खेळ नव्याने खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं ते होतं.

इंग्लंडमधल्या प्लेडेमिक या कंपनीने 2017 मध्ये आणलेला हा खेळ. पुढच्याच वर्षी त्याला ब्रिटिश अकादमीचा मोबाइल गेमचा पुरस्कार मिळाला आणि 2021 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ही कंपनी 140 कोटी डॉलरला विकत घेतली. खेळ दोघांचा, एका वेळी एकच होल. कमी फटक्यांत चेंडू आत घालणारा जिंकला. बरोबरी झाली तर एकेक फटका आणखी, ज्याचा चेंडू झेंड्याजवळ त्याचा डाव. अंगठ्याने चेंडू मागे ओढायचा, वर एक काटा डावी-उजवीकडे झुलू लागतो, तो मधोमध आला की सोडायचं. पाच वर्षांचं मूलही खेळेल इतकं सोपं. कोपऱ्यात मात्र एक छोटा बाण असतो आणि त्याच्याशेजारी वाऱ्याचा वेग. मी त्याच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत होतो. सगळी मेख तिथेच होती.

चेंडू पडायच्या जागेवर एक गोल निशाण दिसतं, एकात एक कडी असलेलं. ते आपण बोटाने सरकवू शकतो. वारा डावीकडून असेल तर निशाण डावीकडे सरकवायचं, इतपत कुणालाही कळतं. पण किती? जाणते खेळाडू ते कड्यांत मोजतात. समजा, हातातल्या क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, एक कडी म्हणजे ताशी 2 मैल वारा. वारा 8 चा असेल तर चार कड्या. म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे निशाण इतकं न्यायचं, की बाहेरची चौथी कडी मूळच्या जागेला टेकेल. मग चेंडू निघतो चुकीच्या दिशेने आणि वारा त्याला बरोबर जागी आणून टाकतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

यातच पुढची गोम आहे. प्रत्येक क्लबची कडी वेगळी. क्लब जितका अचूक, तितकं निशाण लहान, म्हणून एका कडीत मावणारा वाराही कमी. क्लब सुधारून घेतला की तो चांगला होतो, पण जुना पाठ केलेला हिशेब मोडतो. सुधारल्यानंतर लगेच हरायला लागलेली माणसं खेळाला शिव्या घालतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण एवढीच असते. क्लबच्या पूर्ण पल्ल्याचा फटका असेल तर वारा जास्त लागतो, आखूड फटक्याला कमी, कारण चेंडू हवेत कमी वेळ राहतो. गल खाली दरीत असेल तर चेंडू जास्त वेळ तरंगतो, तिथे एखादी कडी वाढवायची. गल उंचावर असेल तर कमी करायची. पतंग उडवलेल्याला यात नवीन काही नाही. पतंगाच्या वाऱ्याला झुळूक मात्र असते, हा वारा फटका संपेपर्यंत एका आकड्यावर ठाम. असा आज्ञाधारक वारा खऱ्या मैदानात कुठून मिळणार!

तिरपा वारा हा मला सगळ्यांत जास्त रडवणारा प्रकार. समोरून पण बाजूला कललेला, बरोबर 45 अंशांतून ताशी 10 मैल वारा आला की मी त्याचे मनातल्या मनात दोन भाग करायचो, 5 बाजूला आणि 5 समोर. चूक. शाळेतलं सदिशांचं गणित सांगतं की दोन्हीकडे सुमारे 7 लागतात. शिवाय समोरचा भाग मी विसरूनच जायचो, म्हणून चेंडू दरवेळी अलीकडेच पडायचा. उपाय अगदी साधा निघाला. भाग पाडायचेच नाहीत, निशाण बाणाच्या रेषेतच उलट सरकवायचं. गणित आपोआप सुटतं.

आता काटा. ही कल्पना जुनी आहे. 1984 मध्ये निन्टेन्डोच्या 'गोल्फ'मध्ये एक पट्टी होती. एकदा बटण दाबलं की खूण धावू लागायची, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरायचा, तिसऱ्यांदा की अचूकता. तो खेळ सातोरू इवाता यांनी लिहिला. तेव्हाच्या कार्ट्रिजमध्ये 18 होल बसवणं अवघड म्हणून इतरांनी नकार दिला होता, इवातांनी ते बसवून दाखवले. पुढे ते निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले आणि 11 जुलै 2015 ला गेले. 2017 च्या निन्टेन्डो स्विचमध्ये तोच खेळ लपवून ठेवलेला सापडला. यंत्राच्या घड्याळात 11 जुलै असताना त्यांची नेहमीची हातांची लकब केली तरच तो उघडायचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे शेकडो खेळांच्या पिवळ्या 'कॅसेट' मिळायच्या, त्यांत हा गोल्फही असायचा. आम्ही तो दोन मिनिटांत बंद करून कॉन्ट्रा लावायचो. इवातांची माफी मागायला हवी.

काटा मधोमध दिसल्यावर बोट उचललं तर उशीरच होतो. डोळ्याने पाहून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. पडद्यावर एका सेकंदात 60 चित्रं सरकत असतील तर तेवढ्या वेळात 15 चित्रं पुढे गेलेली असतात. म्हणजे काटा पाहून कुणीच सोडत नाही, सोडता येतच नाही. तबलजी समेची वाट बघत बसत नाही, तो समेवर येतो. तसंच हे आहे. काटा दोनदा झुलू द्यायचा, लय अंगात भिनली की तिसऱ्या फेरीला सोडायचं. चेंडू जास्त मागे ओढून अधिकचा जोर घेतला तर काट्याची लय द्रुत होते, आणि तिथे हावरटांचे बळी जातात. जुना, रखडणारा फोनही लय बिघडवतो. मागे उघडी ठेवलेली दहा ॲप्स बंद केल्यावर माझे फटके सुधारले, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती वर्षभर तेच सांगत होती.

मग रडीचा डाव कुठे आहे? माझ्या मते तो वाऱ्यातही नाही आणि काट्यातही नाही, तो दुकानात आहे. काही खास चेंडूंना वारा कमी लागतो, काही लांब जातात, आणि ते संपतात. नवे क्लब पेट्यांमधून निघतात, पेटी उघडायला तास लागतात, थांबायचं नसेल तर हिरे मोजायचे. हिरे खऱ्या पैशांनी मिळतात. खऱ्या गोल्फमध्ये चेंडूचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि गल 108 मिलिमीटरचीच, अदितीला आणि आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या हौशी खेळाडूला एकच. इथे प्रत्येक डावाला दोघांनी नाणी लावायची, जिंकेल त्याने सगळी उचलायची. वरच्या मैदानात गेलात की डाव मोठा. कड्यांचा हिशेब पक्का नसताना वर गेलेला माणूस नाणी हरतो आणि मग दुकानाकडे वळतो.

म्हणून नव्याने खेळणाऱ्यांना एवढंच सांगेन: खालच्या मैदानात रेंगाळा, आपल्या प्रत्येक क्लबची कडी किती मैलांची ते वहीत लिहून ठेवा. आणि फोन मुलांच्या हातात देण्याआधी प्ले स्टोअरच्या खरेदीला पासवर्ड लावा. आमच्याकडे तो मुलीने लावलाय, आणि मला माहीत नाही.