किंडरच्या पठारावरची दोन सेबर विमानं

मँचेस्टरहून लोकल गाडीने न्यू मिल्स आणि तिथून बसने हेफील्ड. सेट नदीच्या काठावरचं हे दगडी घरांचं गाव डर्बीशायरच्या पश्चिम टोकाला आहे. इथली रेल्वे १९७० मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी आता पायवाट आहे. गावामागे किंडर स्काउटचं पठार उभं आहे, उंची ६३६ मीटर. सिंहगडाची उंची याच्या दुप्पट भरते, त्यामुळे आपल्याकडच्या गिर्यारोहकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण ढग खाली उतरला की या सपाट, काळ्या, चिखलाळ माथ्यावर दहा पावलांपुढचं दिसत नाही, हे वर गेल्याशिवाय कळत नाही.

किंडरचा इतिहास थोडक्यात सांगतो. ही पठारं श्रीमंतांची शिकारीची खासगी राखीव रानं होती. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या कामगार पोरांनी मनाई मोडून इथे चढाई केली आणि त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये. चढाई जिथून सुरू झाली त्या बोडेन ब्रिजच्या खाणीत तिच्या आठवणीचा फलक आहे. लोक तिथे थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

मला मात्र वरची विमानं पाहायची होती. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या डोंगराळ पट्ट्यात डझनावारी लष्करी विमानं कोसळली. आसपास विमानतळांची दाटी होती, हवामान लहरी होतं आणि ढगात उंचीचा अंदाज चुकणाऱ्याला हे बुटके डोंगर पुरेसे होते. शेजारच्या ब्लीक्लो पठारावरचं बी-२९ सर्वांत प्रसिद्ध आहे. १९४६ च्या बिकिनी अणुचाचण्यांची छायाचित्रं घेणारं ते विमान १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये कोसळलं आणि त्यातले तेराही जण गेले. तिथे स्मारकशिळा आहे, शनिवार-रविवार गर्दी असते. किंडरच्या उत्तर अंगाला, ब्लॅक ॲशप मूरवर पडलेल्या दोन सेबर जेट विमानांकडे फारसं कोणी वळत नाही. तिथे पाटी नाही, नीट वाटही नाही.

तिकडे मला नेलं ते एका निवृत्त विमान-फिटरने. पंचाहत्तरीला आलेले हे गृहस्थ. सोळाव्या वर्षी हवाई दलात उमेदवार म्हणून लागले, हंटर विमानांवर हात काळे केले आणि नंतर मँचेस्टरच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. माझा मामेभाऊ इथे बरीच वर्षं आहे, त्याच्या शेजारी राहतात. माझं नाव छापू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. घरामागच्या शेडमध्ये त्यांची वही आहे. डोंगरात दिसलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद तिच्यात आहे: कुठे दिसला, कसा पडला होता, त्यावर काय कोरलेलं होतं आणि पुढच्या खेपेला तो जागेवर होता की नाही. पेन्सिलने काढलेली चित्रं इतकी नेटकी आहेत, की त्यांच्यावरून तो भाग पुन्हा बनवता यावा.

विल्यम क्लफच्या घळीतून वर आलं की ॲशप हेड लागतं. तिथून त्यांनी मला आधी डावीकडे, मिल हिलवर नेलं. हा वळसा का, ते तिथे पोचल्यावर समजलं. मिल हिलच्या उतारावर अमेरिकन लिबरेटर बॉम्बफेक्या विमानाचे अवशेष पसरलेले आहेत. ते ११ ऑक्टोबर १९४४ चे. विमानात दोघेच होते आणि दोघेही वाचले. फिटरसाहेबांना मला आधी पंख्याचं विमान दाखवायचं होतं, म्हणजे जेट ओळखता येईल.

ओळखण्याची सुरुवात इंजिनापासून करायची. पंख्याच्या इंजिनाला गोलाकार मांडलेले सिलिंडर असतात. लिबरेटरच्या एका इंजिनात ते चौदा, दोन रांगांत. हवेने थंड व्हावेत म्हणून त्यांना पातळ पत्र्यांच्या चकत्या लावलेल्या असतात. काळ्या मातीत तशा चकत्या दिसल्या की जेटचा विचार सोडायचा. जेटमध्ये सिलिंडर नसतातच. तिथे सापडतात चक्राच्या कडेला दाटीने बसवलेली पाती, नाहीतर पाती निसटून गेलेल्या खाचा. पुढच्या बाजूची, हवा दाबणारी पाती गंजतात, तुटतात. मागच्या टर्बाइनची पाती उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची असल्यामुळे सत्तर वर्षांनंतरही त्यांच्या कडा हाताला लागतात.

ॲशप हेडला परत येऊन आम्ही वाट सोडली आणि पूर्वेकडे निघालो. इथून पुढे पीट सुरू होतं. पीट म्हणजे हजारो वर्षं पूर्णपणे न कुजता साठत गेलेल्या शेवाळाची काळी, ओली माती. पाण्याने तिच्यात माणूसभर खोल चर पाडले आहेत. एका चरातून दुसऱ्या चरात उतरत-चढत जाताना अचानक पायाशी ॲल्युमिनियमचा पत्रा चमकला. एका सेबरचा पंख.

फिटरसाहेब खाली बसले. तुकड्याला हात न लावता, काठीच्या टोकाने ते दाखवत होते. पंखाचा पत्रा दुहेरी होता. वरच्या आणि खालच्या दोन पत्र्यांच्या मधे नागमोडी आडव्या पट्ट्या, आणि पत्रा मुळाशी जाड व टोकाकडे पातळ होत गेलेला. तसा घाट हळू उडणाऱ्या विमानाला परवडत नाही आणि लागतही नाही. पंखाच्या पुढच्या कडेला सरकत्या फळीचे रूळ होते. वेग कमी झाला की ही फळी आपोआप पुढे सरकते आणि विमानाला सावरते. मागे झुकलेल्या पंखावर अशी फळी म्हणजे सेबर, असं ते म्हणाले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. चिखलाच्या एका सुरकुतीत, पत्र्याच्या खालच्या बाजूला, नखाएवढा निळा रंग शिल्लक होता. वरून गडद हिरवा आणि करडा, पोटाखाली निळा, असा रंग त्या काळी ब्रिटिश हवाई दलाच्या सेबरना दिलेला असे.

इथून पुढचा तर्क मला फार आवडला. सेबर हे मूळचं अमेरिकन विमान. ब्रिटनचं स्वतःचं हंटर तयार व्हायला उशीर होत होता, म्हणून मधल्या काळासाठी कॅनडात मॉन्ट्रियलच्या कॅनडेअर कारखान्यात बनलेली सेबर विमानं मदत म्हणून ब्रिटनला मिळाली. ती १९५३ ते १९५६ एवढीच वर्षं वापरात होती आणि बहुतेक सगळी जर्मनीतल्या तळांवर. प्रत्यक्ष ब्रिटनमधून उडणारी सेबर स्क्वाड्रन दोनच होती, ६६ आणि ९२, आणि दोन्हींचा तळ यॉर्कशायरमधल्या लिंटन-ऑन-ऊझला. म्हणजे या डोंगरात हिरवा-निळा रंग चढवलेलं सेबर सापडलं, तर ते कुठून आलं असेल याला फार पर्याय उरत नाहीत. अपघातांच्या नोंदवहीत तारीख सापडते: २२ जुलै १९५४. ६६ स्क्वाड्रनची दोन विमानं, एक्सडी ७०७ आणि एक्सडी ७३०. खराब हवेत दोन्ही किंडरवर कोसळली. सापडायला काही दिवस गेले. दोन्ही वैमानिक गेले होते.

आपल्याला सेबर ठाऊक आहे ते १९६५ पासून. आपल्या चिमुकल्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर पाडली, ती हकिगत आमच्या लहानपणी घराघरांत सांगितली जाई. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयऱ्यावर नॅटनी जी सेबर पाडली, ती याच मॉन्ट्रियलच्या कारखान्याची घडण. पश्चिम जर्मनीने विकलेली ती विमानं इराणमार्गे पाकिस्तानात पोचली होती. शत्रूचं विमान म्हणून जे नाव मनात बसलं होतं, त्याच घराण्यातल्या विमानासोबत गेलेल्या दोन तरुण मुलांच्या जागेवर उभं राहताना मला काही वेळ बोलवलं नाही.

आता अडचण इथे आहे. एवढ्या तर्काने ‘ही ती दोन विमानं’ इथवर पोचता येतं. पण हा पंख दोघांपैकी कोणाच्या विमानाचा? तुकडे चरांमध्ये दूरवर विखुरलेले आहेत आणि एकमेकांत मिसळले आहेत. भागावर कोरलेला आकडा फक्त तो कुठल्या प्रकारच्या विमानाचा ते सांगतो. तसाच आकडा त्या घडणीच्या प्रत्येक विमानावर असतो. एकेका विमानाची ओळख पटते ती ज्यांना स्वतःचा वेगळा अनुक्रमांक असतो अशा भागांवरून: इंजिन, चाकांचे दांडे, काही पंप आणि यंत्रं. त्यांच्यावर बोटभर लांबीची धातूची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते आणि ती कोणत्या विमानावर कधी चढवली याची नोंद कार्डावर असते. चाकाच्या एका दांड्यावर फिटरसाहेबांनी मला ती जागा दाखवली. चार भोकं होती, त्यांच्या कडांना ताजे ओरखडे, आणि पट्टी गेलेली. वहीत तिची जुनी नोंद होती: पट्टी आहे, आकडे चिखलाने भरलेले, पुढच्या खेपेला ओल्या ब्रशने साफ करून वाचायचे.

कोणीतरी पेचकस घेऊन एवढ्या वर चढलं आणि ती पट्टी काढून घेऊन गेलं. कोणाच्या तरी कपाटात ती आज असेल, आणि तिथे तिचा काही उपयोग नाही. मोठे पत्रे नेणं कठीण म्हणून ते राहतात आणि खिशात मावणारी, नाव सांगणारी वस्तू आधी जाते. याबाबत कायदा आहे, चांगला आहे. १९८६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कोसळलेलं प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित ठरतं. संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय उकरणं किंवा काही हलवणं हा गुन्हा आहे. पण डोंगरावर हे सांगणारा एकही फलक मला दिसला नाही. बोडेन ब्रिजला चढाईचा फलक लावता येतो, मग ॲशप हेडला दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर ७ जुलै १९६२ रोजी अलितालियाचं प्रवासी जेट आदळून ९४ माणसं गेली. अशा जागा आपल्याकडेही आहेत, म्हणून हे मला परक्यांचं दुखणं वाटत नाही.

पठाराचंही रूप पालटतं आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुराने शतकभर इथलं शेवाळ मारलं. शेवाळ मेलं, माती उघडी पडली, वाहून गेली आणि चर खोल झाले. आता चरांना दगडी बांध घालून पाणी अडवतात, शेवाळ पुन्हा लावतात. काम मोलाचं आहे. पीट ओलं राहिलं तर त्यातला कार्बन जमिनीत राहतो आणि खालच्या गावांना पुराचा धोका कमी होतो. फिटरसाहेब स्वतः शेवाळ लावायला स्वयंसेवक म्हणून जातात. त्याच शेवाळाखाली सेबर हळूहळू झाकली जातील हे त्यांना माहीत आहे आणि ते त्यांना मंजूर आहे. मातीखाली गेलेला तुकडा कोणी खिशात घालू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. घाई आहे ती त्याआधी उरलेले आकडे वाचून घेण्याची, कारण टर्बाइनच्या चक्राजवळ आणखी एक पट्टी त्यांना अर्धी वाचता आली आहे.

जायचं असेल तर कोरड्या आठवड्यानंतर जा, होकायंत्र आणि नकाशा सोबत ठेवा. ॲशप हेडच्या पुढे विमानांकडे जाणारी पायवाट नाही आणि फोनचा भरवसा धरू नका. वसंतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, तेव्हा वाट सोडणं टाळावं. आकडा असलेला तुकडा दिसला तर फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि तुकडा आहे तसा राहू द्या. हेफील्डहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो. परतताना त्याच घळीतून उतरावं. घळीच्या पायथ्याच्या जलाशयाच्या कडेची वाट अंधार पडायच्या आत गाठलेली बरी.