आंतर्द्रव्य जालिकेतील प्रथिनांचे धारण व पुनःप्राप्ती

आंतर्द्रव्य जालिकेतील प्रथिनांचे धारण व पुनःप्राप्ती ही दृश्यकेंद्रकी पेशींमधील एक यंत्रणा आहे. ज्या प्रथिनांचे कार्यस्थान आंतर्द्रव्य जालिका हेच आहे, ती प्रथिने या यंत्रणेमुळे तेथे टिकून राहतात आणि तेथून निसटून पुढे गेल्यास परत आणली जातात. ‘धारण’ आणि ‘पुनःप्राप्ती’ हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

पार्श्वभूमी

इन्सुलिन, प्रतिपिंडे यांसारखी पेशीबाहेर स्रवणारी प्रथिने प्रथम आंतर्द्रव्य जालिकेत प्रवेश करतात. तेथे त्यांना योग्य घडी पडते आणि मग कॉप-२ या आवरणाच्या पुटिकांमधून ती गॉल्जी पिंडाकडे जातात. घडी घालण्याच्या कामी साहाय्य करणारी बीआयपी, जीआरपी ९४, प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज ही प्रथिने मात्र जालिकेची कायम रहिवासी आहेत. त्यांचे प्रमाण तेथे फार मोठे असते. पुटिका तयार होताना जालिकेच्या पोकळीतील द्रवही तिच्यात शिरतो आणि त्याबरोबर काही रहिवासी प्रथिनेही वाहून जातात. ही गळती अशीच चालू राहिली तर जालिका आपल्या कामगारांनाच मुकेल.

केडीईएल संकेत

१९८७ मध्ये केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी या प्रश्नाचा उलगडा केला. वर उल्लेखिलेल्या तिन्ही प्रथिनांच्या कार्बॉक्सिल टोकाला लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल व ल्युसिन हीच चार ॲमिनो आम्ले याच क्रमाने येतात. त्यांच्या एकाक्षरी चिन्हांवरून या क्रमाला ‘केडीईएल’ म्हणतात. बीआयपीच्या टोकावरून ही चार ॲमिनो आम्ले काढून टाकली, तेव्हा ते प्रथिन पेशीबाहेर स्रवू लागले. उलट, एरवी स्रवणाऱ्या लायसोझाइमला बीआयपीचे हे टोक जोडताच ते पेशीतच राहिले. केडीईएलच्या पुढे आणखी काही ॲमिनो आम्ले जोडली तरीही संकेत निकामी होतो, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. विभक्तिप्रत्ययाला जसे शब्दाच्या शेवटीच स्थान असते, तसेच या संकेतालाही अगदी शेवटचेच स्थान लागते. बेकरीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टमध्ये लायसिनच्या जागी हिस्टिडिन असते. म्हणून तेथील संकेताला ‘एचडीईएल’ म्हणतात.

धारण नव्हे, परतीचा प्रवास

आरंभी असा समज होता की, केडीईएल असलेले प्रथिन जालिकेतच कशाला तरी बांधलेले राहते. पेलहॅम यांच्या १९८८ मधील प्रयोगाने हा समज बदलला. कॅथेप्सिन डी हे लायसोसोमकडे जाणारे विकर आहे. त्याला केडीईएल जोडले असता ते जालिकेत साठू लागले. परंतु त्याच्यावरील शर्करा-शृंखलांमध्ये जालिकेच्या पुढील टप्प्यावरच होणारा बदल झालेला आढळला. याचा अर्थ, ते प्रथिन पुढे जाऊन परत आलेले होते. ‘धारण-संकेत’ हे नाव आता रूढ झाले आहे खरे, पण ‘परतीचा संकेत’ हे नाव अधिक अन्वर्थक ठरले असते.

परत आणण्याचे काम करणारा ग्राही १९९० मध्ये यीस्टमधील ईआरडी-२ या जनुकावरून ओळखला गेला. क्लुइव्हेरोमायसीस लॅक्टिस ही यीस्टची जाती ‘डीडीईएल’ हा संकेतही मानते. तिचे ईआरडी-२ जनुक बेकरीच्या यीस्टमध्ये घातल्यावर तेही तो संकेत ओळखू लागले. ग्राहीची ओळख याहून स्पष्टपणे पटणे कठीण. मानवात या ग्राहीची तीन रूपे आहेत.

ग्राही आपले ओझे कोठे उचलतो व कोठे ठेवतो, हे आम्लतेवर अवलंबून असते. जालिकेचा सामू सुमारे ७.२, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. गॉल्जी पिंड त्या मानाने किंचित आम्लधर्मी असते. आम्लधर्मी परिसरात ग्राही केडीईएलला घट्ट बांधतो. मग कॉप-१ आवरणाच्या पुटिकेतून दोघे जालिकेत परततात, तेथे बंध सुटतो आणि ग्राही पुन्हा गॉल्जीकडे जातो. असा एकच ग्राही वारंवार वापरला जात असल्याने रहिवासी प्रथिनांच्या मानाने ग्राहींची संख्या बरीच कमी असली तरी चालते. या ग्राहीची त्रिमितीय रचना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

पटलातील प्रथिने

पटलात रुतलेल्या प्रथिनांसाठी ग्राहीची गरज नसते. त्यांची शेपटी पेशीद्रवात असते आणि तिच्या टोकापासून तिसऱ्या व चौथ्या स्थानी लायसिन असल्यास कॉप-१ चे आवरण तिला थेट पकडते. हा संकेत प्रथम ॲडेनोव्हायरसच्या एका प्रथिनात सापडला.

खरे धारण

अपुरी किंवा चुकीची घडी पडलेली प्रथिने मात्र खऱ्या अर्थाने अडवून ठेवली जातात. कॅलनेक्सिन व कॅलरेटिक्युलिन त्यांच्यावरील शर्करा ओळखून त्यांना धरून ठेवतात. तरीही घडी न जमल्यास ती पेशीद्रवात नेऊन नष्ट केली जातात. ही दक्षता कधीकधी रोगाचे कारण बनते. सिस्टिक फायब्रोसिसच्या सर्वांत सामान्य उत्परिवर्तनात सीएफटीआर प्रथिनातील ५०८ क्रमांकाचे फेनिलॲलॅनिन गळते. अशा प्रथिनात थोडीफार कार्यक्षमता उरलेली असते, पण जालिका त्याला पुढे जाऊच देत नाही. घडीला साहाय्य करून त्याला पेशीपृष्ठापर्यंत पोहोचवणारी औषधे आज वापरात आहेत.

रोगजंतूंकडून होणारा गैरवापर

पटकीच्या विषाचे अस्तित्व शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकाता येथे दाखवले. या विषाच्या अ-शृंखलेच्या टोकाला केडीईएल हाच क्रम आहे. आतड्याच्या पेशीत शिरलेले विष उलट दिशेने प्रवास करीत गॉल्जीपर्यंत येते, आणि तेथून या संकेताच्या साहाय्याने जालिकेत पोहोचते. संकेत बिघडवल्यास विषाची परिणामकारकता घटते, पूर्णतः नाहीशी होत नाही. जालिकेत आल्यावर विषाचा क्रियाशील भाग, चुकीच्या घडीचे प्रथिन बाहेर टाकण्याच्या वाटेनेच पेशीद्रवात निसटतो आणि रोग्याच्या शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओतले जाऊ लागतात.

सार्स-कोव्ह-२ या विषाणूच्या काटा-प्रथिनाच्या शेपटीतही कॉप-१ ला बांधणारा लायसिन-हिस्टिडिनयुक्त संकेत आहे. त्यामुळे ते प्रथिन जालिका व गॉल्जी यांच्या मधल्या भागात, म्हणजे जेथे नवे विषाणू जुळवले जातात तेथे, उपलब्ध राहते.