विश्लेषण : रिबेट की करदरात कपात? अर्थव्यवस्थेला चालना कशाने मिळते?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी सादर झालेल्या अर्थसंकल्पात नवीन करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. प्रत्यक्ष करांतील सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडायचे, मध्यमवर्गाच्या हाती पैसा ठेवायचा आणि त्यांच्या खर्चातून मागणी वाढवायची, असा सरकारचा हिशेब होता. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दरही घटले. कर कमी करण्याच्या या वेगवेगळ्या वाटा आहेत. त्यातली कोणती अधिक परिणामकारक?

रिबेट आणि दरकपातीत फरक काय?

दरकपात म्हणजे कराची टक्केवारीच कमी करणे. रिबेट म्हणजे नेहमीच्या दराने कर काढून त्यातून ठरावीक रक्कम वजा करणे. १२ लाखांची करमुक्ती या दुसऱ्या प्रकारची आहे. २०२५-२६ च्या टप्प्यांनुसार पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २० हजार आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४० हजार, असा एकूण ६० हजार रुपये कर होतो. रिबेटही तेवढाच, म्हणून कर शून्य. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांची मर्यादा १२.७५ लाख होते.

कोणाला किती फायदा?

त्याच अर्थसंकल्पात करटप्पेही बदलले. उपकर बाजूला ठेवल्यास १२ लाख करपात्र उत्पन्न असलेल्याचे वर्षाला ८० हजार रुपये वाचले, १६ लाखवाल्याचे ५० हजार आणि २४ लाखवाल्याचे १ लाख १० हजार. म्हणजे १२ लाखवाल्याला रिबेटमुळे १६ लाखवाल्यापेक्षा जास्त लाभ झाला. ७ लाखवाल्याला मात्र काहीच नवे मिळाले नाही, कारण आधीच्या रिबेटमुळे त्याचा कर पूर्वीही शून्यच होता.

अधिक कमावण्याच्या इच्छेवर परिणाम होतो का?

रिबेटची खरी अडचण इथे आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांवरून १२ लाख १० हजार झाले, तर नियमित हिशेबाने एकदम ६१,५०० रुपये कर लागला असता. तसे होऊ नये म्हणून सीमांत दिलासा दिला जातो आणि कर १० हजारांवर थांबतो. पण याचा अर्थ वरचे १० हजार पूर्णपणे करात गेले. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच स्थिती राहते. दरकपातीत असा उंबरठा नसतो. तिथे कमावलेल्या पुढच्या प्रत्येक रुपयातला जास्त हिस्सा हातात राहतो. त्यामुळे जादा काम, नवा व्यवसाय किंवा गुंतवणूक वाढवायची असेल, तर दरकपात सरस ठरते.

मागणी वाढवायची असेल तर?

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या मांडणीनुसार माणूस कायमस्वरूपी उत्पन्न पाहून खर्च ठरवतो. एकदाच आलेला पैसा तो बराचसा साठवतो, म्हणून टिकाऊ दरकपात जास्त उपयोगी पडायला हवी. अमेरिकेचा अनुभव मात्र काहीसा वेगळा आहे. तिथे २००१ मध्ये दरकपातीचा पहिला हप्ता म्हणून एकट्या करदात्याला ३०० आणि जोडप्याला ६०० डॉलरपर्यंतचे धनादेश पाठवले गेले. सामाजिक सुरक्षा क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांनुसार ते टप्प्याटप्प्याने निघाल्याने संशोधकांना ते आधी आणि नंतर मिळालेल्यांची तुलना करता आली. कुटुंबांनी त्यातली २० ते ४० टक्के रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत रोजच्या वस्तू व सेवांवर खर्च केल्याचे आढळले. हाती शिल्लक कमी असलेल्या कुटुंबांनी अधिक खर्च केला.

पुढे २००९ मध्ये कामगारांना ४०० डॉलरचा लाभ धनादेशाऐवजी पगारातील करकपात घटवून, थोडा थोडा दिला गेला. ही रक्कम मुख्यतः खर्च करू, असे सर्वेक्षणात १३ टक्के कुटुंबांनी सांगितले. २००८ च्या एकरकमी रिबेटबाबत हे प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे पैसा किती, याइतकेच तो कसा पोहोचतो यालाही महत्त्व आहे.

कंपन्यांच्या करकपातीने काय साधले?

२० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात कंपनी करात मोठी कपात जाहीर केली. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी दर २२ टक्के, तर नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के झाला. वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला जाईल, असा अंदाज होता. सहा महिन्यांत करोना आल्याने या निर्णयाचा निखळ परिणाम मोजणे कठीण झाले. पण मालाला गिऱ्हाईकच नसेल, तर कर वाचला म्हणून कोणी नवा कारखाना काढत नाही. अशा वेळी वाचलेला पैसा कर्जफेडीत किंवा नफ्यात जातो.

जीएसटी कपात वेगळी कशी?

प्राप्तिकर न भरणाऱ्याला रिबेट देता येत नाही. साबण, टूथपेस्ट मात्र सगळेच विकत घेतात. या वस्तूंवरील कर १८ वरून ५ टक्के, तर छोट्या मोटारी, एसी आणि सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. ७ लाखवाल्यापर्यंत आणि शेतमजुरापर्यंत पोहोचणारी वाट हीच. अर्थात, विक्रेत्याने किंमत खरोखर उतरवली तरच. शिवाय हा लाभ खर्च केल्यावरच मिळतो आणि जो जास्त खरेदी करतो, त्याला रुपयांत जास्त मिळतो.

मग उत्तर काय?

दुखणे कोणते, त्यावर औषध ठरते. गिऱ्हाईक नसल्याने दुकाने ओस असतील, तर तंगीतल्या कुटुंबांना एकरकमी दिलेला रिबेट लवकर बाजारात येतो. मागणी आहे पण उत्पादन आणि गुंतवणूक अडली असेल, तर टिकाऊ दरकपात बरी. दोन्हींत सरकारने सोडलेला पैसा कर्जातून किंवा खर्चात कपात करूनच भरून काढावा लागतो. रस्ते, शाळा, आरोग्यावरील खर्चाला कात्री लागली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. म्हणूनच पुढच्या अर्थसंकल्पात किती कर कमी झाला हे पाहताना, तो कोणाचा कमी झाला आणि त्याची भरपाई कुठून होणार, हेही पाहायला हवे.